सकीनाने ओतलेलं पाणी

रोहिणी त्रिभुवनला मुलगी झाली ती मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. सव्विसावा आठवडा चालू होता. वजन सातशे चाळीस ग्रॅम भरलं. इंदिरानगरमधल्या त्या छोट्या प्रसूतिगृहाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘मृत जन्म’ असं लिहून सही केली. साडेसहाला तिच्या नवऱ्याने, रविराजने, त्याखाली सही केली. तोवर कुणाच्या मनात काही शंका नव्हती.

शंका नऊ वाजता आली आणि ती आणली भागीबाईने. भागीबाई तिथली आया. रोहिणीच्या सासूला, लंकाबाईला, चहा आणून देताना ती सहज बोलून गेली.

“रातपाळीच्या सिस्टरनं लय मायेनं केलं बगा. लेकराच्या डोक्यावर बाटलीतलं पानी वतलं. मला वाटलं, धुतीया. पन धुताना कुनी असं पुटपुटतं व्हय?”

“काय पुटपुटली?” लंकाबाईने कप खाली ठेवला.

“ते मला काय ठाव? दुवा म्हनत आसंल. त्यांच्यातली हाय ना ती, सकीना सिस्टर.”

लंकाबाई श्रीरामपूरकडची. तिच्या लहानपणी मिशनचे मास्तर दर रविवारी प्रार्थनेनंतर वस्तीतल्या बायांना थांबवून घेत आणि मरणाच्या दारातल्या मुलाला बाप्तिस्मा कसा द्यायचा ते शिकवत. फादर पंधरा मैलांवर असायचे, मरण घरात असायचं. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे आणि ओततानाच शब्द म्हटले पाहिजेत. लंकाबाईने आयुष्यात तीन मुलांना असं पाणी दिलं होतं. त्यामुळे भागीबाईने काय पाहिलं हे तिला तिथल्या तिथे कळलं. ती उठली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सुनेला जाऊन सांगून मोकळी झाली.

रोहिणी सकाळपासून बोलली नव्हती. ती उठून बसली.

“कुणी दिला बाप्तिस्मा?”

“सकीना सिस्टरनं. पन पोरी, जीव असंल तरच तो लागू व्हतो. मेलेल्याला नाय होत.”

“आणि नसेल झाला, तर?”

मास्तरांनी तेही शिकवलं होतं. बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल नरकात जात नाही, कारण त्याने पाप केलेलं नसतं. पण जन्मतःच लागलेलं आदामाचं पाप धुतलेलं नसतं म्हणून देवाचं तोंडही त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी एक वेगळी जागा असते. तिथे दुःख नसतं. लंकाबाईला ती जागा नेहमी बंद शाळेसारखी वाटत आली होती. हे तिने सुनेला सांगितलं नाही, पण रोहिणी त्याच धर्मात वाढलेली होती.

“रवी,” रोहिणी नवऱ्याला म्हणाली, “मला फक्त एवढंच विचारून आण. झाला की नाही झाला.”

दफन चार वाजता ठरलं होतं. रविराजने फादर आढावांना फोन लावला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाप्तिस्मा झालेल्या मुलाचा विधी वेगळा, न झालेल्याचा वेगळा. पुस्तकात दोन पानं आहेत. तू सिस्टरला भेट आणि नीट विचारून मला सांग.”

सकीना वडाळा गावात राहायची. दवाखान्यापासून स्कूटरवर दहा मिनिटं. रविराजला वीस लागली, कारण एका चौकात सिग्नल हिरवा होऊनही तो उभाच राहिला आणि मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या.

रविराज शाळेत विज्ञान शिकवायचा. दोनच आठवड्यांपूर्वी दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा झाला होता. तेजस्विनी नावाच्या मुलीने हात वर करून विचारलं होतं, “सर, तुम्ही चर्चला जाता ना? मग आदाम खरा की माकड?” वर्ग हसला. रविराजलाही हसू आलं. शरीर कुठल्याही वाटेने आलं असेल, पण प्रत्येक माणसाचा आत्मा देव थेट देतो, चर्च असं म्हणतं, असं उत्तर त्याने दिलं. उत्तर चांगलं होतं. फादर आढावांनीच एका प्रवचनात ते दिलं होतं. तेजस्विनी म्हणाली, “म्हणजे पहिल्या माणसाच्या आईला आत्मा नव्हता? आणि पोराला होता?” तेवढ्यात घंटा झाली.

तेव्हा तो प्रश्न त्याला गमतीचा वाटला होता. आता सिग्नलवर त्याला आठवत होतं की घंटा झाल्याचं त्याला बरं वाटलं होतं.

सकीना रात्रपाळी करून आली होती, पण झोपली नव्हती. पस्तिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. नवरा मुस्तकीम पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला कामाला, तो पहाटेच गेलेला. सासू दारात बसून लसूण सोलत होती. रविराजला पाहताच सकीनाचा चेहरा उतरला.

“भागीबाईने सांगितलं ना? तिच्या पोटात काही राहत नाही. बसा, सर.”

“तुम्ही बाप्तिस्मा दिलात?”

“हो.”

“तुम्हाला कुणी शिकवलं?”

“नर्सिंग नगरकडच्या मिशन हॉस्पिटलमध्ये केलं ना मी. तिथे मोठ्या सिस्टर सगळ्या मुलींना शिकवायच्या. हिंदू, मुसलमान, सगळ्यांना. मी म्हटलं, सिस्टर, मी तर तुमच्यातली नाही. त्या म्हणाल्या, तुझा विश्वास नसला तरी चालेल, चर्चला जे करायचंय ते करायची इच्छा पाहिजे. तुमच्या मिसेसच्या फाईलवर लिहिलेलं होतं, रोमन कॅथलिक. त्या वेळी खोलीत दुसरं कोण करणार होतं, सांगा.”

“पाणी कुठलं?”

“हाताशी सलाईनची बाटली होती. तीच फोडली.”

रविराजच्या डोक्यात आपोआप आकडा आला: शून्य पूर्णांक नऊ टक्के मीठ. त्याला स्वतःची लाज वाटली.

“ती जिवंत होती का?”

दारातली सासू लसूण सोलायची थांबली. सकीनाने उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली.

“नाळ अशी धरली होती मी. बोटांना काहीतरी लागलं. फडफड. एकदा, दोनदा. पण सर, रात्रभर उभी होते मी. आपल्याच बोटांची नाडीसुद्धा अशी लागते. आम्हाला पहिल्या वर्षी हेच सांगतात, अंगठ्याने नाडी बघू नका, स्वतःची लागते. बोटाने बघितली तरी घाई असली की कळत नाही.”

“डॉक्टरांनी तपासलं होतं ना?”

“स्टेथोस्कोप लावून बघितलं. नाही म्हणाले आणि मिसेसकडे वळले. त्यांचं रक्त थांबत नव्हतं.”

“पाणी त्याच्या आधी ओतलंत की नंतर?”

“मध्ये.” तिने थोडा विचार केला. “म्हणजे ते लावत होते तेव्हाच. आणि मी नुसतं नाही म्हटलं. सिस्टरने शिकवलं होतं, खात्री नसली तर आधी म्हणायचं, तू जिवंत असशील तर. मी तसंच म्हटलं. तू जिवंत असशील तर मी तुला बाप्तिस्मा देते, आणि पुढचं सगळं.”

“मग बाप्तिस्मा लागू झाला की नाही, हे…”

“मला काय माहीत, सर? ज्याला माहीत आहे त्याच्यावर सोडायचं म्हणून तर तसं म्हणायचं.”

सासू मध्येच बोलली. तिला मराठी समजत होतं, पण बोलताना तिची भाषा अर्धी हिंदी व्हायची. “भाईजान, इतना क्या सोचते? आमच्यात चार महिन्याला रूह येते. तुमची तर सहाची होती. असं मूल कयामतला आईला ओढून जन्नतमध्ये नेतं. पाणी-बिणी काही लागत नाही.”

“अम्मी, त्यांच्यात लागतं,” सकीना म्हणाली.

“लागतं तर लागतं. पण मग इसने दिया ना? झालं की.”

रविराज उठला. सकीना त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सर, एक विनंती आहे. कागदावर ‘मृत’ लिहिलंय. नाडी लागली असं मी म्हणाले हे वर गेलं, तर पहिला प्रश्न येईल, मग वाचवायला का नाही धावलात. माझ्यावर येईल, डॉक्टरांवर येईल. मी खोटं बोलत नाहीये. मला खरंच माहीत नाही. लागली असती खात्रीने, तर मी ओरडले असते. पाणी शोधत बसले नसते.”

तो जिना उतरला. स्कूटरची किल्ली फिरवल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती काय बोलली. तोवर त्याला वाटत होतं, जिवंत होती असं उत्तर मिळालं तर रोहिणीसाठी ते चांगलं उत्तर. आता ते तसं राहिलं नव्हतं. जिवंत असेल तर मुलीला बाप्तिस्मा लागू झाला, पण मग जिवंत मुलीला कुणी हात लावला नाही. मेलेली असेल तर कुणाचीच चूक नव्हती, पण पाणी फुकट गेलं होतं. दोन्हींतलं एक मागायला तो आला होता. आता कुठलं मागावं ते त्याला कळेना.

फादर आढाव कार्यालयात नोंदवही उघडून बसले होते. वय बेचाळीस, मूळचे संगमनेरचे, बोलताना चष्मा पुसायची सवय. रविराजने सकीनाचं सगळं बोलणं क्रमाने सांगितलं, नाडीसकट.

“सलाईन,” फादर म्हणाले.

“चालतं का?”

“समुद्राचं पाणी चालतं. त्यात यापेक्षा मीठ जास्त.”

“चौपट,” रविराज म्हणाला.

“तू जिवंत असशील तर, असं ती म्हणाली? बरोबर म्हणाली. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना हे ठाऊक नसेल.” फादरांनी चष्मा पुसला. “मुलगी जिवंत असेल तर तिचा बाप्तिस्मा झाला. पूर्ण झाला. मी केला असता तितकाच झाला. नसेल, तर नाही झाला.”

“ते मलाही कळलं, फादर. झाला की नाही ते सांगा.”

“मी कसं सांगू?”

“मग नसेल झाला तर ती कुठे आहे, ते तरी सांगा. माझी आई म्हणते एक वेगळी जागा असते.”

“लंकाबाईंना ज्यांनी शिकवलं, त्यांना तसं शिकवलं होतं. पण चर्चने ते श्रद्धेचा नियम म्हणून कधीच ठरवलं नव्हतं. एक मत होतं, शेकडो वर्षं चाललेलं. २००७ साली रोममध्ये धर्मपंडितांच्या समितीने यावर लिहिलं. अशा मुलांना देव वाचवतो अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं.”

“आशा म्हणजे किती टक्के?”

“तू गणित शिकवतोस?”

“विज्ञान.”

“तरीच.” फादर हसले नाहीत. “बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे, हे चर्च सांगतं. आणि देवाचे हात त्याच्या संस्कारांनी बांधलेले नाहीत, हेही सांगतं. दोन्ही एकाच पुस्तकात आहे.”

“तिच्यात आत्मा होता, हे तरी नक्की ना? आमची सव्वीस आठवड्यांची होती. सहा आठवड्यांची असती तर?”

“पहिल्या क्षणापासून तिला माणूस मानायचं, माणसासारखं वागवायचं, हे नक्की. आत्मा नेमका कुठल्या घडीला येतो, त्याचा वैज्ञानिक दाखला असतो असं चर्च म्हणत नाही.”

“म्हणजे तेही नक्की नाही.”

“वागायचं कसं ते नक्की आहे, रविराज.”

रविराज खिडकीबाहेर बघत राहिला. आवारात कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. त्याला वाटलं, आपण वर्गात ज्या आवाजात उत्तरं देतो, त्याच आवाजात फादर देताहेत. उत्तर बरोबर असतं. विचारणारा मात्र उभाच राहतो.

“नोंदवहीत काय लिहिणार?” त्याने विचारलं.

“खात्री नसताना मी नोंद करू शकत नाही. पण दफन मी करेन. आईवडिलांना बाप्तिस्मा द्यायचाच होता, अशा मुलासाठी परवानगी मिळते. मी सकाळीच महागुरुस्वामींकडे, म्हणजे बिशपांकडे, फोन केला, त्यांनी दिली.”

“आणि पान कुठलं?”

फादरांनी नोंदवही मिटली. “चार वाजेपर्यंत विचार करू दे मला.”

अडीचला रविराज दवाखान्यात परतला. वाटेत त्याने ठरवलं होतं, नाडीचं सांगायचं नाही. पाणी दिलं, शब्द म्हटले, बाकी देवाला माहीत, एवढंच सांगायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

रोहिणी उशाला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते. लंकाबाई पायथ्याशी जपमाळ घेऊन बसलेली. कोपऱ्यात टेबलावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी होती. ती लंकाबाईने दुपारी जाऊन एका सुताराकडून करून आणली होती, टोस्टरच्या खोक्याएवढी.

“झाला?” रोहिणीने विचारलं.

“पाणी दिलंय. शब्द बरोबर म्हटलेत. फादर म्हणाले, पाणी चालतं.”

“जिवंत होती?”

“डॉक्टर म्हणाले, नाही.”

“डॉक्टरांना मी नाही विचारलं. तुला सकीनाकडे पाठवलं होतं.” ती त्याच्याकडे एकटक बघत होती. “तिने नाडी बघितली होती का?”

रविराजने लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाईची माळ थांबली होती.

“बघितली,” तो म्हणाला. “तिच्या बोटांना काहीतरी लागलं. एक-दोनदा. ती म्हणते, स्वतःचीच नाडी असेल. खात्री नाही. म्हणून तिने, जिवंत असशील तर, असं म्हणून बाप्तिस्मा दिला.”

बाहेर भागीबाई कुणाला तरी चपला बाहेर काढायला सांगत होती.

“म्हणजे,” रोहिणी सावकाश म्हणाली, “जिवंत होती तर ती देवाकडे आहे. आणि मग तिला वाचवता आलं असतं.”

“सातशे चाळीस ग्रॅम होती, रोहिणी. कदाचित नसतंही…”

“आणि नव्हती, तर कुणाचं काही चुकलं नाही. फक्त ती देवाकडे नाही.”

“फादर म्हणतात, बाप्तिस्मा लागतोच, आणि बाप्तिस्म्याविनाही आशा आहे.”

“आशा तर मला सहा महिने होती.”

लंकाबाई पुढे सरकली. तिने सुनेचा हात धरला. “पोरी, जीव व्हता असंच म्हण. माझं ऐक. मी तीन लेकरांना पानी दिलं, तवा मी तरी कुटं नाडी बगितली? जीव हाय असं धरलं आन् वतलं.”

“आणि जीव होता म्हटलं, तर डॉक्टरांना जाऊन विचारू नको? का नाही बघितलंत म्हणून?”

रविराजच्या मनात सकीनाचा जिन्यातला चेहरा होता आणि तो त्याला झटकता येत नव्हता.

“आई म्हणतात तसं धरते,” रोहिणी शेवटी म्हणाली. “ती होती. पाण्यापुरती होती. वाचवण्यापुरती नव्हती.”

“असं कसं होईल?” रविराजच्या तोंडून निघून गेलं. “एक तर होती, नाहीतर…”

“तू मला शिकवू नकोस.” तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. “फादर दोन्ही धरतात ना? मग मी का नको? त्यांना सांग, बाप्तिस्मा झालेल्या मुलाचं पान वाचा. आणि फोन चालू ठेव. मला ऐकायचंय.”

रविराजने रिक्षातूनच फादरांना फोन करून निरोप सांगितला. फादर “बरं” म्हणाले. त्या “बरं”चा अर्थ हो की ऐकलं, हे त्याला कळलं नाही.

ख्रिस्ती दफनभूमीत चार वाजता सहा माणसं होती: रविराज, मांडीवर पेटी घेऊन रिक्षातून आलेली लंकाबाई, फादर, खड्डा खणणारे दोघे आणि रविराजच्या शाळेतले एक सर, जे हिंदू होते आणि कुठे उभं राहायचं ते कळत नसल्याने सारखे जागा बदलत होते. खड्डा भिंतीच्या कडेला नव्हता, इतर कबरींच्या रांगेतच होता. लंकाबाईने तो पाहिला, मग भिंतीकडच्या मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिच्या गावी बाप्तिस्म्याविना गेलेली मुलं अशाच कोपऱ्यात पुरत.

रविराजने फोन लावून हातात धरला. पलीकडे रोहिणीचा श्वास ऐकू येत होता.

फादरांच्या अंगावर पांढरा झगा होता, बाप्तिस्मा झालेल्या बालकाच्या दफनाला घालतात तो. पुस्तकाला दोन फिती होत्या, लाल आणि पिवळी. त्यांनी लाल फितीचं पान उघडलं. रविराज शेजारीच उभा होता, त्याला मथळा दिसला: बाप्तिस्मा झालेल्या बालकासाठी. त्याने फोन पुस्तकाच्या जवळ नेला.

फादर वाचू लागले. आवाज सपाट होता, घाई नव्हती. पेटी खाली सोडण्यात आली. पवित्र पाणी शिंपडलं गेलं. मग शेवटची प्रार्थना आली. “हे दयाळू पित्या, या लहान मुलीला आम्ही तुझ्या हाती सोपवतो. हिला तू…”

फादर थांबले. छापलेली ओळ रविराजला दिसत होती: हिला तू बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपली कन्या करून घेतलंस. फादरांचं बोट त्या ओळीवर होतं. ते बोट सरकलं आणि खालच्या ओळीवर गेलं.

“हिच्या आईवडिलांचं सांत्वन कर,” ते म्हणाले.

“काय गाळलं रं त्यानं?” लंकाबाई कुजबुजली.

रविराज उत्तर देणार तोच फोनमधून आवाज आला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“फादर, काहीतरी राहिलं.”

खणणारे दोघे एकमेकांकडे बघू लागले. फादरांनी हात पुढे केला. रविराजने फोन त्यांच्या हातात दिला. फादरांनी तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, जसं मुलं धरतात.

“रोहिणी, ओळ गाळली. मला माहीत नाही, म्हणून गाळली. माहीत नसताना तिच्या कबरीपुढे म्हणवेना.”

रविराजला वाटलं, लाईन कट झाली. त्याने वाकून पडदा पाहिला. सेकंद मोजले जात होते.

“पण पान तेच आहे ना?” रोहिणीने विचारलं.

“पान तेच आहे.”

“झगा?”

“पांढराच घातलाय.”

मग ती म्हणाली, “बरं. पुढे वाचा.”

फादरांनी फोन रविराजला परत दिला आणि पुढे वाचलं.